गाठीजवळच्या रेषा

माझी नणंद केकवर लाकूड करते. म्हणजे फाँडंटचं, साखरेच्या मळलेल्या गोळ्याचं. दोन तपकिरी गोळे अर्धवटच मळायचे, मग लाटताना पट्टे आपोआप उमटतात. सुरीच्या पाठीने रेषा ओढायच्या आणि कोकोच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने त्या गडद करायच्या. गिऱ्हाइकं केकवर टिचकी मारून खात्री करून घेतात. तिच्या वडिलांना मात्र, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वीस वर्षांत तिचा एकही केक पसंत पडला नव्हता.

सासरे सुतार. हात सोन्याचे, जीभ करवतीची. ताईने नवा केक दाखवायला आणला की नाक टेकेल इतके वाकायचे आणि हमखास गाठीवर बोट ठेवायचे. "ही तू नंतर चिकटवलीस. झाडात गाठ आधी असते, रेषा तिला वळसा घालून जातात." ताई तणतणत घरी जायची आणि पुढच्या वेळी रेषा वळवून आणायची. मग ते दुसरं खुसपट काढायचे. एकदा छान म्हटलंत तर तोंड झिजेल का, असं मी विचारलंसुद्धा. छान म्हटलं की हात शिकायचा थांबतो, म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता, मग मी. मी मनाला लावून घेतलं नाही, सुनेचं काय एवढं. पण हळूहळू ताईकडेही ते नुसतं बघत राहायला लागले. ती मानायला तयार नव्हती. माणसं विसरतील, पण लाकूड नाही विसरणार, म्हणायची.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिने ओंडक्याचा केक आणला. मी वाकून बघितला. सालीपासून रेषांपर्यंत सगळं हुबेहूब, आणि मधोमध एक गाठ वरून थापलेली. रेषा तिच्याखालून सरळ निघून गेलेल्या. चूक मुद्दाम केली होती, त्यांनी ओरडावं म्हणून. माणसाची अशी परीक्षा घेऊ नये, असं मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. पण या घरात माझं ऐकतंय कोण?

सासरे वाकले. केकवरून हात फिरवला. बोट गाठीपाशी आलं आणि न थांबता पुढे गेलं.

ताईने त्यांचा हात धरून परत गाठीवर ठेवला. "बाबा, इथे बघा ना. ही बरोबर आहे?"

ते तिच्याकडे बघून हसले, पाहुण्यांकडे बघून हसतात तसे. "छान आहे. फार छान केलंय हो तुम्ही."

माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याला गाठीतलं काही कळत नाही. ताईने शांतपणे केक कापला, पहिला घास बाबांना भरवला, त्यांच्या ओठांवरचा कोको पुसला. मग स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून हमसून हमसून रडली. मीही रडले.

"वहिनी," ती म्हणाली, "आता मी माझं काम दाखवू कुणाला?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझा तरी काय उपयोग होता? मला तिचे सगळेच केक छान वाटायचे.