राणीसाहेबांचा जबाब

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, पण नागपूरच्या धरमपेठेतल्या तलवार-चोरीची ती फिर्याद अजून मनातून गेलेली नाही. मी त्या वेळी ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एका जुन्या राजघराण्याचे वारस वकिलांना घेऊन आले. संस्थान केव्हाच विलीन झाले होते, तरी लोक त्यांना 'राजे' म्हणत. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणे मोजके. दसऱ्याला पुजली जाणारी त्यांची वडिलोपार्जित तलवार देवघरातल्या कपाटातून नाहीशी झाली होती.

संशय कोणावर, असे विचारताच त्यांनी एका बाईचे नाव घेतले. ती नरखेड तालुक्यातल्या एका गावात राहत होती आणि एसटीत वाहक होती. आपण दिवंगत राजेसाहेबांची मुलगी आहोत, असे सांगून तिने मालमत्तेत हिस्सा मागणारा दावा दिवाणी न्यायालयात लावला होता.

"आमच्या संत्र्याच्या बागेत कामाला असलेल्या बाईची मुलगी आहे ती," राजे म्हणाले. "आमच्या वडिलांचं तिच्या आईशी लग्न झालेलं नाही. दावा टिकत नाही, म्हणून चोरीवर आली."

वकिलांनी कायदा समजावला. आईबापांचे लग्नच झालेले नसेल, तर मुलाला बापाचा वारसा मिळत नाही. एक बायको असताना दुसरे लग्न केले असेल, तर ते लग्न बेकायदेशीर ठरते. पण त्या लग्नाची मुले औरस मानली जातात आणि बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत त्यांना वाटा मिळतो. म्हणजे सगळे एका प्रश्नावर येऊन थांबत होते, लग्न झाले होते की नाही. बाईकडे साक्षीदार नव्हता. त्यात चोरीत अटक झाली असती, तर नोकरीतून निलंबन ठरलेलेच. मग दावा लढायला तिच्यात बळ उरले नसते. हे राजेंना कळत होते आणि मलाही.

गुन्हा नोंदवून घटनास्थळाचा पंचनामा केला. कपाटाचे कुलूप शाबूत होते. चावी कोणाकडे असते, असे नोकराला विचारले, तर तो राजेंच्या तोंडाकडे पाहू लागला. राजेंनीच सांगितले की जुडगा आईसाहेबांच्या कमरेला असतो, पण त्यांची तब्येत नाजूक आहे, त्यांना यात ओढू नका. मी तेव्हा वाद घातला नाही. माझा अनुभव असा, की घरातल्या ज्या माणसाला विचारू नका म्हणतात, त्याला विचारावे लागतेच. फक्त आधी हातात काहीतरी असावे.

ते लवकरच मिळाले. संत्र्याच्या गाड्यांवर फिरणारा आमचा एक खबऱ्या ठाण्यात येऊन बसला. "साहेब, तलवार नरखेडकडं हाय," तो म्हणाला. "लपवून नाही ठेवली. पूजा करून राहिले तिची."

चोर पूजा करत नाही. ते ऐकल्यावर मी स्वतः जायचे ठरवले. महिला पोलीस हवालदाराला सोबत घेतले, तिकडच्या ठाण्याला कळवले आणि दिवसाउजेडी गावात पोहोचलो.

दोन खोल्यांचे घर होते. आतल्या खोलीत बाईची आई खाटेवर पडून होती. कर्करोग हाडांत उतरला होता. खाटेसमोर पाटावर लाल कापड अंथरून तलवार ठेवलेली, मुठीला हळदकुंकू, वर झेंडूची ताजी फुले. पंचांसमक्ष ती जप्त केली, तेव्हा म्हातारीने फक्त हात जोडले. ते मला नव्हते, तलवारीला होते.

मुलगी चाळिशीची. खाकी गणवेशातच होती, दुपारच्या फेरीवर जायचे होते. चौकशी तिथेच ओट्यावर केली. हवालदाराने समजुतीने विचारले, मी जरा कडक आवाजात विचारले. उत्तर एकच आले.

"मी चोरी केली नाही, साहेब. तलवार मले देली. कोनं देली, ते मी सांगणार नाही."

अटक होईल, नोकरी जाईल, हे तिला स्पष्ट सांगितले. तिने आतल्या खाटेकडे पाहिले. मग म्हणाली, आईला सांभाळायला दुसरे कोणी नाही, तेवढी सोय करायला वेळ द्या. आतून म्हातारीचा आवाज आला, "तिले काहून तरास देऊन राहिले, साहेब? मी मांगतली होती तलवार. मलेच न्या."

खोटे बोलणारा माणूस बहुधा खूप बोलतो, कुणाचे तरी नाव पुढे करतो. ही बाई दुसऱ्याचे नाव वाचवण्यासाठी स्वतःचे सगळे पणाला लावत होती. मी अटक केली नाही. हजर राहण्याची नोटीस दिली आणि नागपूरला परतलो. राजेंच्या वतीने पुढारी मंडळींचे फोन सुरू झाले होते. त्यांना 'तपास चालू आहे' एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी राजेंच्या बंगल्यावर जाऊन त्यांच्या आईला, राणीसाहेबांना, भेटायचे आहे, असा निरोप आत पाठवला. राजे आडवे आले, पण तोवर त्या स्वतःच बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, सडसडीत, पांढरी साडी. तलवार कुठे मिळाली ते मी सांगितले आणि कपाट कोणी उघडले एवढेच विचारले.

"मी," त्या म्हणाल्या. "चोरी झालेली नाही. मी तिथं जाऊन माझ्या हातानं दिली."

राजे काही बोलणार होते. राणीसाहेबांनी मुलाला बसायला सांगितले आणि मला म्हणाल्या, कारण लिहून घ्या.

जुन्या राजघराण्यांत एक रीत होती. राजा स्वतः मांडवात जात नसे, त्याची तलवार जाई आणि नवरीचे लग्न तिच्याशी लागे. त्याला खांडा लग्न म्हणत. राणीसाहेबांना बरीच वर्षे मूल नव्हते. सासूबाईंच्या हट्टापायी बागेवरच्या एका गरीब पण नात्यात बसणाऱ्या मुलीशी राजेसाहेबांचे असे लग्न लावले गेले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. तलवार घेऊन नवरीशेजारी उभ्या होत्या त्या स्वतः राणीसाहेब. त्या मांडवातल्यांपैकी आता त्या आणि नवरी एवढ्याच उरल्या होत्या.

"तिला मुलगी झाली. पुढं काही वर्षांनी मला हा झाला," त्यांनी मुलाकडे पाहिले. "आणि मला मुलगा झाल्यावर ते लग्न झालंच नव्हतं, असं घरात ठरलं. मीही गप्प बसले. त्या बाईनं जन्मात काही मागितलं नाही. आता मरणाच्या दारात तलवार एकदा बघायची म्हणाली. मुलीकडून मी वचन घेतलं होतं, माझं नाव सांगायचं नाही म्हणून. ती जेलमध्ये जायला तयार झाली, पण बोलली नाही. मग मी कोणत्या तोंडानं गप्प राहू?"

"आईसाहेब, या बोलण्याचा दाव्यावर काय परिणाम होईल, कळतंय का तुम्हाला?" राजेंनी विचारले.

"कळतंय. म्हणूनच लिहून घ्या म्हटलं."

मी जबाब लिहून घेतला. पोलिसांपुढचे बोलणे दिवाणी न्यायालयात पुरावा ठरत नाही, तिथे स्वतः उभे राहावे लागेल, हेही त्यांना सांगितले. त्यांनी होकाराची मान हलवली. आमच्याकडचा गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि तो बंद झाला. तलवार न्यायालयाच्या आदेशाने राणीसाहेबांच्या ताब्यात दिली. म्हातारी तोवर वारली होती.

राणीसाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. राजेंच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांच्या वयावर, स्मरणशक्तीवर पुष्कळ प्रश्न केले. त्या डगमगल्या नाहीत. न्यायालयाने लग्नविधी झाल्याचे मानले, लग्न बेकायदेशीर ठरवले, पण मुलीला वडिलांच्या मालमत्तेत भावाच्या बरोबरीने वाटा दिला. राजेंनी आईशी बोलणे टाकले. ते पुढे सुरू झाले की नाही, मला माहीत नाही.

वारसाच्या भांडणातून आलेल्या फिर्यादी नंतरही माझ्यापुढे पुष्कळ आल्या. कुठे चोरी, कुठे घुसखोरी, कुठे मारहाण. या प्रकरणाने मला शिकवले ते हे, की अशा फिर्यादीत कलम कोणते लागते हे उशिरा पाहावे. घरात कोण गप्प आहे, ते आधी पाहावे. कायद्याने लेकराला हक्क दिलेला असतो, पण तो मिळण्यासाठी घरातल्याच कुणाला तरी तोंड उघडावे लागते, आणि त्यात त्याचे स्वतःचे नुकसान असते.

निवृत्तीनंतर काटोलच्या गाडीत ती बाई भेटली. वाटा मिळूनही नोकरी सोडली नव्हती. तिकीट देताना तिने ओळखले. एक शब्द बोलून सुटका झाली असती, तर का बोलली नाहीस, असे मी इतक्या वर्षांनी विचारले.

"मी सांगतलं असतं, तर राणीसाहेबाले कबूल कराच लागलं असतं, साहेब," ती म्हणाली. "मले ते नोको होतं. त्याहिनं त्या लग्नाचं आपल्या मनानं सांगावं, असं वाटे."

मग घंटीची दोरी ओढून ती पुढच्या प्रवाशाकडे वळली.