कालचा खिळा, आज शिळा

त्या मंगळवारी खिळे घासलेले नव्हते.

दहावीचा प्रयोग दुसऱ्या तासाला होता. ओट्यावर परीक्षानळ्यांचा स्टँड होता, मोरचुदाची बरणी होती, खिळ्यांची पुडी होती. पुडी बांधलेली होती. मी ती सोडत होते, तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की मामा सोमवारी संध्याकाळी गेले.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर. किल्ल्यांचा जुडगा, तुटलेल्या नळ्यांचा हिशेब आणि पोरांना दटावणारा आवाज घेऊन वावरणारे असे एक मामा तुमच्याही शाळेत असतील. आमच्या मामांची खूण वेगळी होती. प्रयोगाच्या दिवशी सकाळी साडेसातला ते खिडकीशी बसत, मांडीवर वर्तमानपत्र पसरत आणि एकेक खिळा पॉलिश पेपरने घासत. घासून झाला की उजेडात धरत, मग अंगठ्याच्या पोटावरून फिरवत. अंगठ्याला पटला तरच खिळा बशीत पडे.

मी परभणीहून मुळशी तालुक्यातल्या माणला नोकरीला आले, त्या वर्षी मदत म्हणून आदल्या संध्याकाळीच सगळे खिळे घासून ठेवले. सकाळी मामांनी बशी पाहिली आणि पुन्हा पॉलिश पेपर काढला.

"मामा, कालच घासलेत मी."

"कालचा खिळा, आज शिळा," ते म्हणाले. "हितली हवा वल्ली हाय बाई. तुमच्या परभणीची न्हाई. लोखंड रात्रीत आंगावर पांघरूण घेतंय. मग मोरचूद त्याला वळखायचं कसं?"

मला राग आला होता. मी एम.एस्सी. होते, मामा जुने मॅट्रिक. पण माझे दोन खिळे त्यांनी मुद्दाम तसेच ठेवले, आणि तासाला त्या दोन नळ्यांत तांबं आलं ते चट्ट्याचट्ट्यांनी, नायट्यासारखं. मामा नुसते माझ्याकडे बघून दार लोटून गेले.

त्याच दिवशी दुसऱ्या तुकडीच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं : विस्थापन अभिक्रिया. आणि सवयीने विचारलं, "विस्थापन म्हणजे काय?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी ताडकन उठली. "बाई, धरण!"

दुसरी म्हणाली, "न्हाई बाई, आयटी पार्क."

मी हसले. वर्ग हसला नाही. त्यांच्या दृष्टीने उत्तर बरोबरच होतं. मामा नळ्यांचा स्टँड घेऊन दारात उभे होते. त्यांच्या आजोबांचं गाव मुळशीच्या पाण्याखाली गेलेलं आणि ते स्वतः ज्या वावरात वाढले तिथे आता काचेची इमारत उभी आहे, हे मला नंतर कळलं.

"पोरगी चुकली न्हाई बाई," ते म्हणाले आणि स्टँड माझ्यापुढे ठेवला. "ह्ये मोरचुदाचं निळं पाणी म्हंजी गाव. तांबं आत नांदतंय. लोखंड आलं. त्याच्या अंगात रग जास्त. त्ये शिरलं आत, तांब्याला म्हनलं, ऊठ. पर उठलेलं तांबं गेलं कुटं?"

पोरं फळ्याकडे बघू लागली.

"बगा की नळीत! ज्यानं उठवलं, त्याच्याच आंगावर येऊन बसलं."

निळं पाणी फिकट हिरवं होत चाललं होतं आणि खिळा लाल झाला होता. पुस्तकात हे सगळं आहे. अधिक क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो. परभणीला असताना मी ते दहा वेळा शिकवलं होतं. बाहेर पडलेलं तांबं कुठे बसतं याचा विचार मात्र त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

'रग' हा त्यांचाच शब्द. भिंतीवरचा धातूंचा तक्ता ते त्याच शब्दाने वाचत. सोडियमला इतकी रग, की रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. सोन्याला रगच नाही, "म्हनून तर त्ये टिकतं आन् मिरवतं." ॲल्युमिनियमबद्दल त्यांना खास आदर होता. "रग लई हाय, पर घोंगडं पांघरून बसतंय. वरनं बगनाऱ्याला वाटतं, गरीब हाय." शेजारच्या नळीत ते हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात तांब्याची तार सोडत. तिथे काहीच घडत नसे, आणि मुलं कंटाळत. "न झालेलं बी बगायला शिका," ते म्हणत. "तांब्याच्यानं लोखंड उठत न्हाई. जोर कुनाचा कुनावर चालतो, त्ये तितंच कळतं."

पार्कात जमीन गेल्यावर मामांनी घरावर दोन मजले चढवले. खोल्यांत नागपूर-लातूरकडची कंपनीतली मुलं भाड्याने राहत. आता नोकरी कशाला करता, असं गावात सगळे विचारत. मामा म्हणत, "खोल्या काय, आपल्या आपन ऱ्हात्यात. खिळे घासावं लागत्यात."

मग प्रयोगशाळेवरच पाळी आली. संस्थेने ठरवलं, खोली संगणकांना द्यायची. प्रयोग पडद्यावर दाखवता येतात. अध्यक्ष खोली बघायला येणार होते. आदल्या दिवशी मामा कपाट आवरत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "आज्या उठला, बा उठला, मी उठलो. आता ह्या पोरींच्या हातातली नळी उठवायची म्हंत्यात."

अध्यक्ष म्हणजे मामांचे बालमित्र. आले, पण शाळेत दोघेही एकमेकांना ओळख देत नसत. "पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं," अध्यक्ष म्हणाले. "पोरांच्या हातात आम्ल कशाला?"

मामांनी कपाटातून विळा काढला. गवत कापायचा, साधा, सकाळीच घासलेला. मोठ्या चंचुपात्रात मोरचुदाचं पाणी ओतलं. "धरा साहेब. बुडवा. पन्नासपातूर मोजा."

अध्यक्षांनी नाइलाजाने विळा बुडवला. मोजताना तिसाच्या पुढे त्यांचा आवाज बारीक होत गेला. विळा वर काढला, तर पातं लाल.

"मायला," अध्यक्ष म्हणाले, "माजी बादली!"

"तुजी बी?" मामा सगळं विसरून ओरडले.

"टमाट्याच्या फवारनीला! प्लास्टिकचं पिंप कुनी तरी नेलेलं, म्हनून जस्ताच्या बादलीत मोरचूद कालवलं. सकाळी बगतोय तर निळं गायब, तळाला लाल चिखल आन् बुडाला भोक. बानं असला हानला!"

"मला त्याच्या आदल्या साली. आरं, ह्या गावात कुनाची बादली गेली न्हाई?"

दोघे ओट्याला धरून हसत होते. मग मामा थांबले. हळूच म्हणाले, "पडद्यावर बादलीला भोक पडतं का रं?"

अध्यक्षांनी विळा खाली ठेवला. पंधरा दिवसांनी खोलीच्या मधोमध प्लायचं पार्टिशन लागलं. पलीकडे संगणक, अलीकडे आम्ही. मला ते अपुरं वाटलं. मामांनी पार्टिशनवर टकटक करून पाहिलं. "अर्दं ऱ्हायलं. आमच्या आज्याला येवढं बी न्हाई मिळालं."

त्यानंतर तीन वर्षं त्या अर्ध्या खोलीत मामांनी खिळे घासले. शेवटच्या सोमवारीही जाताना पुडी काढून ओट्यावर ठेवली. खिळे घासले नाहीत. उद्याचा खिळा आज घासायचा नसतो.

तो प्रयोग मी पुढच्या मंगळवारी घेतला. 'धरण' म्हणणारी मुलगी कॉलेजात गेली आहे. यंदाच्या वर्गात मी तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर आलं. या वेळी मी हसले नाही. मी विचारलं, उठलेलं तांबं कुठे गेलं?

प्रयोगशाळा अर्धी आहे. विळा कपाटात आहे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी साडेसातला खिळे मी घासते.