गाडीवरचं निर्माल्य

आमच्या गाडीची तापमानाची सुई वर चढायला लागली तेव्हा मी देवावर चिडलेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. एका घराच्या वाट्याला एका वेळी किती द्यावं याचं काही प्रमाण असावं, असं माझं म्हणणं होतं. दिवाळीच्या तोंडावर माझ्या पत्नीला, नीलिमाला, स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि उन्हाळा सुरू होता होता रेडिएशन लागलं. शनिवार-रविवार सोडून रोज डोंबिवलीहून ठाण्याच्या हॉस्पिटलात जायचं. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, मध्ये खंड पडू देऊ नका. आणि नेमकी तेव्हाच आमची चौदा वर्षांची गाडी तापायला लागली.

रेडिएशनने नीलिमाची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. घाम आला की तिथे आग व्हायची. रिक्षाचे धक्के सोसत नव्हते, आणि मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी शीळफाट्याचं नाव वाचताच रद्द व्हायची. एसी लावलेली आपली गाडी हाच काय तो मार्ग. पण एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडकलो की सुई चढायची, बंद केला की हळूहळू उतरायची. थोडक्यात, रोज गाडीला तापू द्यायचं की बायकोला, हे मी ठरवायचं होतं.

मी आयुष्यभर आकड्यांत काम केलेला माणूस. सुईवर माझा विश्वास बसेना, म्हणून इंजिनच्या पाण्याचं तापमान मोबाइलवर दाखवणारं एक छोटं यंत्र आणून गाडीला जोडलं. मोकळ्या रस्त्यावर नव्वद. एसी लावून काटईच्या नाक्यावर अठ्ठ्याण्णव. मुंब्रा बायपासच्या चढावर एकशे पाच, आणि तिथे एसी बंद. मी हे आकडे दर सिग्नलला मोठ्याने वाचायचो. एकदा नीलिमा म्हणाली, "अहो, माझा ताप एवढ्या वेळा मोजला नाहीत कधी." तरी माझं मोबाइलकडे बघणं काही थांबलं नाही.

आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. मग कूलंट बदललं. मग रेडिएटरचं झाकण. पंखा फिरतो का तेही पाहिलं. तो बिचारा सारखा फिरतच होता. दर वेळी हात पुसत तो म्हणायचा, "आता चालवून बघा, काका." मी चालवून बघायचो आणि बायपासच्या चढावर पुन्हा एकशे पाच. शेवटी मी त्याला म्हटलं, "अरे, बघायचं काम तुझं की माझं?" त्यावर तो म्हणाला, आता इंजिनच उघडावं लागेल, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, आठवडाभर गाडी सोडा. तो आठवडाच तर आमच्याकडे नव्हता.

इथे मला हाराबद्दल सांगायला हवं. दसऱ्याला नीलिमाने नेहमीप्रमाणे गाडीला ओवाळलं, बॉनेटवर आपट्याची पानं ठेवली आणि पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ती गाठ लागली. एरवी आमचा हार वाळून आपोआप गळून पडेपर्यंत तसाच राहतो, बहुतेकांचा राहतो. पण या वर्षी तो सैल झाला तेव्हा मी बारीक तारेने पुन्हा घट्ट बांधला. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. निरोगी असताना तिने शेवटचं केलेलं काहीतरी त्या जाळीवर होतं, आणि ते आहे तोवर ती आहे, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. एरवी मी कसल्या खुणा-शकुनांना विचारणारा माणूस नाही.

नीलिमा म्हणायची, "काढा हो तो आता. पार केरसुणी झालीय त्याची." मी विषय बदलायचो. मेकॅनिकने रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पाण्याचा फवारा मारायला घेतला तेव्हा तोही म्हणाला, "काका, हा हार मध्ये येतोय, काढू?" मी त्याच्यावर ओरडलो. त्याने खांदे उडवले आणि हार सांभाळत आजूबाजूने पाणी मारलं.

त्या दिवशी बायपासपर्यंतही पोचलो नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर खोदकामामुळे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. एसी केव्हाच बंद केला होता, तरी मोबाइलवर एकशे दहा दिसलं. समोरून वाफेचा गोडसर वास आला. डाव्या हाताला एक जुनं महादेवाचं देऊळ होतं, त्याच्या आवारात गाडी कशीबशी घातली आणि बंद केली. मशीनची आमची वेळ अकराची होती. नीलिमा डोळे मिटून, हात अंगापासून लांब धरून बसली होती. तिने तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

मी बॉनेट उघडून उभा राहिलो. देवळाचा कळस डोक्यावर होता. मी मनात म्हटलं, तुझ्याच दारात गाडी बंद पाडलीस, वर मी आत येऊन हात जोडावेत अशीही अपेक्षा आहे का? मी आत गेलो नाही. तेवढा माझा राग होता.

देवळातून एक म्हातारी बाई बाहेर आली. काखेत टोपली, टोपलीत कालची बेलपानं आणि सुकलेली फुलं. तिने आधी गाडीत डोकावून नीलिमाला पाहिलं. "गो बाय, आत गरमीन काय बसलीस उकरत? ये, सावलीन बस." नीलिमाला हाताला धरून तिने पिंपळाच्या पारावर नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे आली. तिला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. ती हाराकडे बघत होती.

"यो कवाचा?"

"दसऱ्याचा," मी म्हटलं.

"दसऱ्याचा? आन अजून हतंच? निर्माल झाला की त्याचा! घरान देवावर ठेवता का असा?"

मी काही बोलायच्या आत तिने वाकून हाराला हात घातला आणि ओढला. "अहो आजी, राहू द्या!" मी जवळजवळ किंचाळलो. तार तुटली. पण हार पूर्ण सुटेना. त्याचा दोरा वरच्या फटीतून आत कुठेतरी गेला होता. तिने मनगटाला दोरा गुंडाळून आणखी ओढला, आणि त्याच्याबरोबर बोटभर जाडीचा एक काळा, चिकट लगदा बाहेर आला. त्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या. आपट्याचं एक पान अख्खं होतं.

माझा राग तिथेच अर्धवट राहिला. मी मोबाइलचा उजेड त्या फटीत टाकला. एसीची जाळी पुढे असते आणि रेडिएटरची मागे, मध्ये दोन-तीन बोटांची फट. ती फट खालपासून अर्ध्याच्या वरपर्यंत भरलेली होती. या वर्षीच्या पाकळ्या, खाली कित्येक दसऱ्यांच्या, आणि रस्त्याच्या धुळीने त्यांचा झालेला जाड, नमद्यासारखा थर. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ, मागून बघितलं तर पंखा आड. पंखा जीव तोडून हवा ओढत होता आणि हवेला वाटच नव्हती.

"आजी, खराटा आहे का?" मी विचारलं. तिने आणला. त्याच्या हिरांनी मी पोखरत होतो आणि ती पडेल ते टोपलीत भरत होती, देवळातल्या फुलांबरोबरच, काही वेगळं न मानता. पारावरून नीलिमा म्हणाली, "कमाल आहे. माझं ऐकलं नाहीत, मेकॅनिकचं नाही, आणि आजींनी न विचारता काढला." आणि ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

इंजिन निवाल्यावर पाणी भरलं आणि निघालो. हॉस्पिटलात फोन केला, त्यांनी आमचा नंबर थोडा मागे ढकलला. बायपासच्या चढावर एसी चालू होता. मोबाइलवर त्र्याण्णव. मी तो आकडा वाचायला तोंड उघडलं आणि बघितलं तर नीलिमाला झोप लागली होती.

याला मी चमत्कार म्हणणार नाही. फट तुंबली होती, ती मोकळी झाली. पण इतक्या लांबच्या रस्त्यावर गाडीने थांबायला तीच जागा निवडावी, आणि तिथे नेमकी निर्माल्य काढायलाच कोणी बाहेर यावं, याचा हिशेब मी बऱ्याचदा मांडून पाहिला. लागत नाही. आता मी तो सोडून दिला आहे. मी रोज सकाळी घरातल्या देवांवरची कालची फुलं न चुकता उतरवतो, मगच नवी वाहतो. वाहिलेलं फूल देवाचं झालं, ते आपण धरून ठेवायचं नसतं, हे माझ्या हातांना माहीत होतं. मी मात्र तारेने आवळून बसलो होतो. नीलिमाला देवाच्या हवाली करतो असं रोज पूजेत म्हणायचो, आणि तिच्या नावाने बांधलेला एक वाळका हारही मला सोडवत नव्हता.

रेडिएशन खंड न पडता पूर्ण झालं. पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत आणि त्यात काय येईल ते मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी परतताना आम्ही त्या देवळाशी थांबलो. या वेळी मी आत जाऊन हात जोडले. काही मागायचं सुचलं नाही. आजींनी नीलिमाच्या हातात पिंडीवरचं चाफ्याचं फूल दिलं. "केसात माळ," त्या म्हणाल्या. नीलिमाने डोक्यावरचा रुमाल जरा सरकवून नुकतेच उगवलेले केसांचे खुंट दाखवले, "कुठे माळू, आजी?" दोघी हसल्या, आणि फूल रुमालाच्या घडीत खोचलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलूल झालं होतं. नीलिमाने ते रुमालातून काढलं आणि तुळशीच्या कुंडीत ठेवलं. मी बाजूलाच उभा होतो. ठेवू दिलं.