सासूबाईंची गाडी शेवटच्या फेरीत अडते

आमच्या सासूबाई, जयमालाबाई, घरातली कुठलीही वस्तू उघडी ठेवत नाहीत. फ्रिजच्या डोक्यावर झालरीचा रुमाल, मिक्सरला टोपी, टीव्हीला मखमली पडदा. अठ्ठ्याण्णव साली नेरूळच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा तो जोडून होण्याआधीच त्यांनी टेप लावून मापं घेतली. दुसऱ्या दिवशी सीपीयूच्या डब्यावर गुलाबी साटिनचं कव्हर चढलं, पुढे बटणांपुरती खिडकी ठेवलेलं. "चहूकडे बांधकामं चाललीयेत, धूळ बघ किती," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर आणला सासऱ्यांनी. नंदकिशोरराव न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंट, कस्टममधून माल सोडवून देणारे. कंटेनरचे कागद घरी टाइप करता यावेत म्हणून त्यांनी तो घेतला. पण सोबतच्या सीडीत मोटारींच्या शर्यतीचा गेम निघाला आणि सासूबाई वेड्याच झाल्या. दुपारची भांडी आवरली की पदर खोचून बसायच्या. वळण आलं की खुर्चीत कलंडायच्या, पुढच्या गाडीवाल्याला "सरक की मेल्या!" म्हणायच्या. उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली ही बाई घाटातून सुसाट सुटायची. मला ते बघायला फार आवडायचं.

दुःख एकच होतं. शेवटची फेरी आली की पडदा गोठायचा. गाडी वळणावर तिरकी, आवाज एकाच सुरात घरघरतोय, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून. शर्यत संपते तिथे काय असतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

वाशीहून सुगत आला, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. घरी आलेल्या माणसासमोर कशाला, म्हणून सासूबाईंनी कव्हर काढून घडी घालून ठेवलं आणि पोहे करायला घेतले. त्याने आतले भाग पुसून बसवले, गेम पुन्हा टाकला आणि अख्खी शर्यत खेळला. शेवट आला तशा सासूबाई स्वयंपाकघरात पळाल्या. "सांगू नकोस रे! माझं मी बघेन!"

"काकू, मस्त चालतोय. टेन्शन नका घेऊ," म्हणून तो गेला. कव्हर चढलं. दुपारी गाडी पुन्हा अडली. त्याला परत बोलावलं, परत तेच.

सासरे वैतागले. "ह्या गेमनेच मशीन बिघडतंय. उद्या माझे कागद अडकले तर? रविवारी काढून टाकतो तो."

 

शनिवारी सासूबाई खोलीभर फेऱ्या घालत होत्या. "सुगत असला की चालतो. तो असताना आपण वेगळं काय करतो गं, ऋता?"

"पोहे," मी म्हटलं.

त्यांनी खरंच पोहे केले. बशी मॉनिटरशेजारी ठेवून खेळल्या. गाडी अडली. आम्ही पोटभर हसलो आणि पोहे खाल्ले. पण त्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. दारापाशी गेल्या, कडी काढली, "ये रे, बस," असं हवेला म्हणाल्या, कॉम्प्युटरपाशी आल्या, कव्हर उचललं आणि थबकल्या. डब्याच्या मागे हात धरला.

"अगं बाई! कढत वारा येतोय इथून! आणि मी त्याचं तोंड बांधून ठेवलंय!"

पंखा लावून त्यांनी डबा चांगला गार होऊ दिला. मग उघड्या डब्याशेजारी बसल्या. तेवढ्यात सासरे कामावरून आले आणि बूट न काढताच मागे उभे राहिले. शेवटची फेरी. ते वळण. मी सासूबाईंच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. गाडी वळली, सरळ झाली, पूल ओलांडला, आणि समोर काळ्यापांढऱ्या चौकटींची पट्टी आली, झेंडे हलले.

"पोचले!" सासूबाई ताडकन उठल्या. "अहो, मी पोचले!"

मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. का ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण इतका आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

सासऱ्यांनी चष्मा वर करून पडदा वाचला. "सहावी आलीस."

"हो!" त्या म्हणाल्या. चेहरा नुसता फुललेला.

सासऱ्यांनी खुर्ची ओढली आणि बूट घालूनच त्यांच्याशेजारी बसले. "परत लाव. मला ते झेंडे नीट दिसले नाहीत."