एफएफआय क्लिअर नाईक मारुती

१९७० साली आमची पलटण पंजाबात एका छावणीत होती. मी मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, लान्स नाईक. ड्यूटी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात. सकाळी पीटीनंतर सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, मग मलमपट्टी, इंजेक्शने, दुपारी सुया उकळणे. दिवस असे जात.

मी आता इस्लामपुरात कॉलेजात शिकतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. वर्गातल्या मुलांपेक्षा वयाने बराच मोठा आहे. सरांनी सेवेतली आठवण लिहायला सांगितली, तेव्हा सगळ्यांना लढाईची गोष्ट हवी असणार हे कळत होते. माझी गोष्ट एका रोगाची आहे. लिहावी की नाही, याचा बराच विचार केला. शेवटी ज्या बाईंच्या आयुष्यातली ती आहे त्यांना जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "लिवा की. नावं तेवढी बदला." नावे बदलली आहेत.

आधी एफएफआय म्हणजे काय ते सांगतो. फ्री फ्रॉम इन्फेक्शन. रजेवर जाणाऱ्या आणि रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक जवानाची ही तपासणी होते. कपडे उतरवून रांगेत उभे राहायचे. डॉक्टरसाहेब बघतात. खरूज, गुप्तरोग, काही दिसले नाही की क्लिअर. आमच्याकडे घरटी एक फौजी, त्यामुळे हा शब्द गावात चुलीपर्यंत पोचलेला आहे. सोयरीक जुळवताना म्हातारे थट्टेने म्हणतात, "पोरगं एफएफआय क्लिअर हाय, काळजी नगं."

नाईक मारुती चार्ली कंपनीचा. गाव औंधच्या बाजूला. कबड्डीत पलटणीचा पहिला गडी. एके दिवशी सिक परेड संपल्यावर तो एमआय रूमच्या मागच्या दाराशी आला. चालताना पाय फाकवून चालत होता.

"डाक्टर, कुणी हाय का आत?"

"न्हाई. या दादा."

"मला गरमी झालीया. पेनिसिलीनची सुई मार आन् गप बस."

मी बघितले. लिंगावर बारीक फोडांचा झुबका होता, काही फुटले होते. भोवतालची कातडी निळी पडून जळली होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने तुपात मोरचूद खलून लावला होता.

"दादा, हे काय लावलंत?"

"लय आग हुती. आता दुप्पट हाय."

मी त्याला आमच्या आरएमओ, म्हणजे पलटणीच्या डॉक्टर, कॅप्टनसाहेबांपुढे उभे केले. साहेब दक्षिणेकडचे. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग त्यांनी मारुतीला समोर खुर्चीवर बसवले. जवानाला खुर्ची देणे ही तिथे रोजची गोष्ट नव्हती.

"ये हर्पीस है," साहेब म्हणाले. "पेनिसिलिन से कुछ नहीं होगा."

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. हा रोग एका विषाणूचा. शरीरसंबंधातून लागतो. फोड येतात, फुटतात, दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येतात. पण विषाणू मरत नाही. तो कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी जाऊन पडून राहतो. थकवा, ताप, काळजी, अशा निमित्ताने पुन्हा वर येतो. दुसऱ्या वेळी त्रास बहुधा कमी असतो. त्याला मुळापासून काढणारे औषध नाही. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचे, जागा कोरडी ठेवायची, सैल कपडे घालायचे, दुखले तर गोळी घ्यायची. फोडात पू झाला तरच दुसरे औषध. हात साबणाने धुवायचे, तो हात डोळ्याला लावायचा नाही. फोड असताना, आणि येण्याआधी तिथे चुणचुण सुरू झाली तेव्हाही, बायकोपासून लांब राहायचे. फोड नसतानाही कधीकधी तो लागतो, म्हणून निरोध वापरायचा.

"घर में बताना," साहेब शेवटी म्हणाले. "बीवी को जरूर बताना. समझा?"

"समझा साब."

हा रोग त्याला लग्नाआधी लागला होता. तेव्हा एकदा फोड येऊन गेले होते, तो विसरून गेला होता. यावेळचे फोडही आठवडाभरात बरे झाले. पुढे जानेवारीत तो दोन महिन्यांच्या रजेवर निघाला. एफएफआय क्लिअर. रजेवरून परत आला तेव्हाही क्लिअर. मी विचारले, "वैनींस्नी सांगितलं?" तो म्हणाला, "आवं डाक्टर, क्लिअर हाय की मी."

१९७१ च्या पावसाळ्यात आम्हा दोघांना एकदमच कॅज्युअल रजा मिळाली. मला औंधच्या यमाईचे दर्शन घेऊन मग घरी जायचे होते, म्हणून एक दिवस त्याच्या गावी उतरलो. त्याची बायको हौसा पोटुशी होती, सहावा महिना होता. त्याने तिच्यासाठी जालंधरहून लोकरीची शाल घेतली होती.

घरी गेलो तर सोप्यात, पुढच्या पडवीत, त्याचे वडील एकटेच बसले होते. रिटायर्ड सुभेदार. सगळे त्यांना आबा म्हणत. आई उंबऱ्याच्या आत उभी.

"हौसा कुठाय?" मारुतीने विचारले.

"म्हायेरी धाडली."

"का?"

आबांनी माझ्याकडे बघितले. मी उठू लागलो. ते म्हणाले, "बसा. तुमी मेडिकलवालं, तुमच्यापासनं काय लपवायचं. तिला तसलं फोड निघालं. सुईणीनं बघितलं." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तू जाऊन चार म्हैनं झालं. क्लिअर हून आलतास, क्लिअर हून गेलास. मंग हे आलं कुठनं? अठ्ठावीस वर्सं फौजेत काढल्यात मी. मला शिकवू नगंस."

"आन् पोटातलं?" मारुतीने विचारले.

"ते बी तिलाच इचार."

मारुती उभा राहिला. त्याने टाचा जुळवल्या की काय असे मला वाटले. तो म्हणाला, "आबा, रोग माझा हाय."

"गप. बायकूला वाचवाय बोलू नगंस."

"माझाच हाय. लगीन व्हायच्या आदीचा. क्लिअर म्हंजी त्या दिशी फोड नव्हतं, एवढंच. साहेबांनी सांगितलं हुतं, घरी बोल. न्हाई बोललो. लाजलो."

आईने पदर तोंडाला लावला. आबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारले, "काय ओ, खरं हाय हे? चार म्हैन्यांनी निघतं?"

"व्हय सुभेदारसाब," मी म्हणालो. "लागल्यावर लगीच निघतं, न्हाईतर गप पडून ऱ्हातं. म्हैन्यांनी निघंल, वर्सांनी बी निघंल. कुणापासनं, कवा लागलं, ते फोड बघून सांगता येत न्हाई. आन् एफएफआय नुसती डोळ्यांनी करत्यात. आतलं त्यात दिसत न्हाई."

"मंग गावात काय तोंड दावू मी?"

"माझं दावा," मारुती म्हणाला.

मी पुढे लढाई पाहिली. माणसे गोळीबारात उभी राहिलेली पाहिली. तरी मारुतीचा अभिमान मनात येतो तेव्हा मला आबांच्या घरचा सोपा दिसतो.

आमच्याकडे माहेरी धाडलेली सून आणायची तर घरातल्या वडीलधाऱ्याने जावे लागते. नवरा एकटा गेला तर ती चोरून आणल्यासारखी होते. आबांनी पटका बांधला. आम्ही तिघे चालत तिच्या माहेरी गेलो. गाव दोन कोसांवर.

हौसा ओसरीवर शेंगा फोडत होती. उठली नाही.

"परेड तुमची, क्लिअर तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "आन् कोर्ट मार्शल माजं व्हय?"

"चुकलं," मारुती म्हणाला. "माझा रोग तुला लागला. आबांस्नी सांगितलंय."

"चल, पोरी," आबा म्हणाले.

"येती मामंजी. पर आदी सुईणीकडं जाऊ. तिनं गावभर केलंय. ह्यांनी तिला सांगावं, म्हंजी तीच गावभर निस्तरंल."

गावात परतल्यावर मारुती आधी सुईणीच्या दारात गेला. हौसा शेजारी उभी राहिली. तो बोलून वळला तेव्हा हौसा म्हणाली, "आता द्या ती शाल. कवाधरनं काखेत धरलीया."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेलो. लेडी डॉक्टरांनी हौसाला तपासले आणि सारे समजावले. बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर बाळाला लागू शकतो आणि तान्ह्या बाळाला तो फार धोक्याचा असतो. म्हणून कळा सुरू झाल्या की घरी थांबायचे नाही, दवाखान्यात यायचे आणि हा रोग आहे हे आल्याआल्या सांगायचे. फोड असतील तर पोट उघडून बाळ काढू, नसतील तर नेहमीसारखे होऊ शकते. हौसाने दोनदा विचारून घेतले. ऑक्टोबरात मुलगी झाली. फोड नव्हते. बाळ ठणठणीत. आबांनी पलटणीला तार केली आणि मारुतीने चार्ली कंपनीत जिलेबी वाटली.

डिसेंबरात लढाई लागली. मी आघाडीवरच्या वैद्यकीय मदत केंद्रावर होतो. वायरलेसवर आवाज आला.

"चार्ली से. एक सीरियस. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"नाईक मारुती. ओव्हर."

स्ट्रेचर माझ्यापर्यंत आले तेव्हा नाडी नव्हती. मी त्याचे बूट सरळ केले.

पुढच्या वर्षी गावाने चावडीसमोर त्याच्या नावाचा दगड बसवला. मी रजा काढून गेलो होतो. सगळे गाव जमले होते, आसपासच्या गावांचे माजी सैनिकही होते. बायका मागे, देवळाच्या कट्ट्याशी उभ्या होत्या. सरपंचांनी पुष्पचक्र आबांच्या हातात दिले. रीत अशी की पहिला मान बापाचा.

आबांनी ते घेतले नाही.

"थांबा," ते म्हणाले. "आदी सूनबाई."

लोकांनी वाट दिली. हौसा मुलीला कडेवर घेऊन मधून चालत आली आणि तिने चक्र वाहिले. मग छातीवर पदके लावलेले आबा एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी आपल्या मुलाला सॅल्यूट केला.