पन्हाळ्याला नेलेला पावणा

उचगावचे बाळासो म्हणजे साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे डॉक्टर. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि आकडा नाचायला लागला, की जिल्ह्याच्या कुठल्याही टोकातून पहिला फोन त्यांना. पुण्याच्या एका कंपनीला गडी बावीस वर्षं चिकटून आहे. आवाज असा, की फोन नसता तरी भागलं असतं. आणि आपण कुणाच्या बापाला भीत नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच ऐकवायचे.

पण त्या शुक्रवारी पुण्याच्या ऑफिसातला अभिराम स्टँडवर उतरला आणि बाळासोंनी मनाशी ठरवूनच टाकलं, हा बदली घेऊन आला. कोल्हापूरचं ऑफिस गुंडाळून पाचही माणसं मराठवाड्यात पांगवणार, अशी कुणकुण महिनाभर होती. बाळासो पूर्वी एकदा दोन वर्षं तसे बाहेर काढून आले होते. वडील गेले तेव्हा पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. आता घरी ऐंशी पार केलेली आई, विठाबाई. तिला सोडून पुन्हा जायचं? छे, जमायचंच नाही.

"दुपारी साहेब एक कागद मेल करणारेत," अभिराम म्हणाला. "ऑफिसात प्रिंट काढून पाचच्या आत तुमची सही पाठवायचीय. काय ते कागद आल्यावरच सांगतो. तसं बजावलंय मला."

"पाठवू की! पण पावणं पहिल्यांदाच कोल्हापुरात आल्यात. अंबाबाई न बघता कामाचं बोलायचं? आमच्यात न्हाय तसं."

तोंडानं पाहुणचार आणि डोक्यात वेगळाच हिशोब. सोमवारी गाळप सुरू. एकदा हंगाम लागला, की काट्यावरच्या माणसाला कंपनी उन्हाळ्यापर्यंत हलवत नाही. म्हणजे आजचे पाच टळले, की सुटलो!

मग काय विचारता! देवळात हात जोडलेले, नजर मनगटावर. मिसळीच्या दुकानात अभिरामच्या नाकातोंडातून पाणी, आणि हे "अजून कट घाला की पावण्यांना" म्हणून ओरडतायत. स्वतःच्या ताटलीतला पाव मात्र नुसताच चुरगाळत बसलेले. रंकाळ्याला दोन मिनिटं टेकले नाहीत तोच उठले. बसलं, की पोरगा बोलायला लागेल ही धास्ती. मोटारसायकलला किक मारली आणि मागं पाहुणा घेऊन थेट पन्हाळा गाठला.

अडीचला तटावर अभिरामचा फोन वाजला. त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आला कागद! बाळासो, ऐका तरी, चांगली..."

"चांगला म्हंजे तीन दरवाजा! चला, ऊन उतरायच्या आत बघून घेऊ."

"अहो, पण पाच..."

"पाचला पोचवतो की! माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

चारला गड उतरले. वाघबीळच्या वळणावर बाळासोंनी हळूच किल्ली फिरवली आणि गाडी बंद पाडली. खाली बसले, प्लग काढला, पुसला, पुन्हा बसवला. शेजारी अभिराम येरझाऱ्या घालतोय, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतोय, आणि एकही थांबत नाही. त्यानं कागदाचा विषय काढला, की बाळासो "आधी गाडी, मग कागद!" म्हणून तोडून टाकतायत. बाळासोंना त्या पोराची कीव आली, पण मान काही वर केली नाही.

पाच वाजून सात मिनिटांनी अभिरामचा फोन वाजला.

"साहेब, ऐका ना," तो अक्षरशः गयावया करत होता. "कोल्हापूरला एकच जागा ठेवायची, ती बाळासोंना, असं ठरलंय ना आपलं? दोन दिवस भांडलोय मी तुमच्याशी. होकाराची सहीच तेवढी राहिली... नाही हो, टाळत नाहीयेत ते! गाडी बंद पडलीय. आईची शपथ घेऊन सांगतो, बिचारे तासभर रस्त्यावर बसून झटतायत... साहेब?"

पलीकडून दोन वाक्यं आली आणि फोन कट झाला. "सांगलीच्या माणसाला दिली जागा," अभिराम हातातल्या फोनकडं बघत म्हणाला. "तुमचं नाव परभणीच्या यादीत गेलं. माझंच चुकलं. तुम्हाला गप्प बसवून सकाळीच सांगायला हवं होतं."

बाळासोंच्या हातून पाना खाली पडला. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण पोरानं आईची शपथ घेतली होती.

"गाडी बिघडली न्हवती," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येईना. "मीच बंद पाडली. मला वाटलं, बदलीचा कागद हाय. भ्यालो हुतो, पावणं. लई भ्यालो हुतो."

अभिरामनं बॅग खांद्याला अडकवली आणि तो कोल्हापूरच्या रस्त्यानं चालू लागला.

"पावणं, बसा की गाडीवर!" बाळासोंनी हाक दिली. त्यानं वळून पाहिलं नाही. त्याच्यादेखत गाडी चालू करायची बाळासोंना हिंमत होईना, म्हणून धडधाकट मोटारसायकल हातानं ढकलत ते त्याच्या मागोमाग घाट उतरू लागले.