औषधाची ब्रँडी
आईच्या तेराव्यानंतर तिचं औषधांचं कपाट आवरताना ब्रँडीचा वास आला आणि परळच्या इस्पितळातली ती सकाळ आठवली. वहिनीला पाचवा महिना होता. ताकद येते म्हणून आई तिला रोज संध्याकाळी कोमट पाण्यातून ब्रँडी द्यायची. पोटातल्या बाळाच्या मेंदूला ती बाधते, असं मी वाचलं होतं आणि घरी सांगितलंही होतं. "पुस्तकं तू वाच, बाळंतपणं मी काढलीत," आई म्हणाली होती. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "दारू, तंबाखू काही?" आई उसळलीच. "अहो बाई, आमच्यातल्या बायका दारूला शिवत नाहीत!" ती खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी ते औषध होतं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले. बाईंनी ‘नाही’ लिहिलं आणि ब्रँडी नवव्या महिन्यापर्यंत चालू राहिली. भाचा आता चौथीत आहे. सकाळी शिकवलेलं दुपारी विसरतो, चिडला की डोकं आपटतो. कारण सापडत नाही, असं डॉक्टर म्हणतात. काल मी वहिनीला म्हटलं, आता तरी त्यांना सांगू या. "जाऊ द्या ना वन्सं, आई गेल्या आता." आई गेली, पण तो आहे ना.